गोड्या पाण्यातील खेकड्याचे पचन : अंड्यापासून प्रौढावस्थेपर्यंत

मृगाच्या पहिल्या सरी कोसळल्या, की मावळातील ओढ्यांच्या काठी, भाताच्या खाचरांत आणि पुष्कळदा डांबरी रस्त्यावरही खेकडे दिसू लागतात. कार्ले, कामशेत, मळवली या भागांत ते हातकंदिलाच्या व विजेरीच्या उजेडात पकडले जातात आणि दुसऱ्या दिवशी दोरीने बांधलेल्या जुड्यांच्या रूपाने रस्त्याच्या कडेला विक्रीस येतात. अशा जुडीतील एखाद्या मादीच्या पोटाखालची रुंद झडप उचलून पाहिल्यास तिच्या आड शेकड्यांनी चिकटलेली, आगपेटीतील काडीच्या गुलाएवढी पिले दिसतात. डोळे, नांग्या, पाय, पाठीचे कवच, सर्व काही जेथल्या तेथे असलेले असे हे संपूर्ण खेकडेच असतात. खेकडीची पिले आईचे पोट फोडून बाहेर येतात व आई मरते, ही समजूत आपल्या खेड्यांत आढळते. संस्कृत वाङ्मयातही खेकडीचा गर्भ तिच्या मृत्यूस कारण होतो, अशी कल्पना येते. झडपेखालून सळसळत बाहेर पडणारी पिले ज्याने पाहिली असतील, त्याला अशी कल्पना सुचल्यास नवल नाही. मात्र ती खरी नव्हे. पिले पोटात नसतात, पोटाखाली असतात. आणि आई मरत नाही, निदान आपल्या पिलांमुळे तरी नाही.

प्रस्तुत लेखाचा विषय या पिलांचे खाणे व पचन हा आहे. प्राण्याचे शरीर जसजसे बदलते तसतसे त्याचे पचनेंद्रियही बदलते, ही गोष्ट बेडूक व फुलपाखरू यांच्या उदाहरणांवरून शाळेतील विद्यार्थ्यालाही ठाऊक असते. खेकड्याच्या बाबतीत हा बदल अधिक मनोरंजक आहे. एकाच घाटाच्या वर आणि खाली राहणाऱ्या दोन खेकड्यांनी तो अगदी भिन्न रीतींनी पार पाडलेला आहे, आणि उत्तरेकडील अतिशीत समुद्रांतील खेकड्यांनी त्याची तिसरीच तऱ्हा स्वीकारलेली आहे.

प्रथम प्रौढ खेकड्याच्या पचनसंस्थेची ओळख करून घेणे सोयीचे होईल. खेकड्याच्या अन्नमार्गाचे तीन भाग पडतात : आद्यांत्र, मध्यांत्र व पश्चांत्र. पहिल्या व तिसऱ्या भागांना आतून कायटिनाचे अस्तर असते, म्हणजे पाठीवरच्या कवचाचाच पातळ भाग आत वळलेला असतो. मधला भाग तेवढा अस्तराविना असतो आणि अन्नाचे शोषण मुख्यत्वे त्याच्या शाखांतून होते. आद्यांत्रातील जठराचे पुन्हा दोन कप्पे असतात. पुढच्या मोठ्या कप्प्यात वरच्या बाजूला एक आणि दोन्ही कुशींना एकेक असे तीन कठीण दात बसविलेले असतात. स्नायूंच्या ओढीने हे तिन्ही दात एकमेकांवर घासतात आणि मधे सापडलेले अन्न भरडले जाते. या रचनेला जठर-चक्की हे नाव अगदी साजते. जात्याच्या दोन तळ्यांऐवजी येथे तीन आहेत, एवढाच फरक. मागच्या कप्प्यात राठ केसांच्या दाट रांगा असून त्या गाळणीचे काम करतात; जाड कण पुन्हा दळावयास मागे राहतात किंवा पश्चांत्राकडे ढकलले जातात, आणि केवळ रस व अतिसूक्ष्म कण पुढे एका मोठ्या ग्रंथीत शिरतात.

ही ग्रंथी म्हणजे खेकड्याचे यकृत-स्वादुपिंड. कवच काढताच दोन्ही बाजूंना पसरलेला पिवळसर किंवा तपकिरी मऊ पदार्थ दिसतो तो हाच. विच्छेदनाच्या तासाला नवखा विद्यार्थी हमखास जर कोठे चुकत असेल तर येथे. चिमटा जरा जोराने लागला की ग्रंथी फुटते आणि ताटलीतील पाणी गढूळ होते. स्वयंपाकघरात पुष्कळजण हिला अंडी समजतात व आवडीने खातात. सूक्ष्मदर्शकाखाली ती असंख्य आंधळ्या नलिकांची बनलेली दिसते. नलिकेच्या टोकाशी नव्या पेशी जन्मतात. त्यांतील काही पाचक एंझाइमे निर्माण करतात, काही अन्नरस शोषून मेद व ग्लायकोजेन साठवितात, तर काहींत मोठमोठ्या पोकळ्या तयार होऊन त्या शेवटी नलिकेत रित्या होतात. मनुष्याचे जठर, यकृत, स्वादुपिंड आणि लहान आतडे यांनी मिळून केलेले काम येथे एकटी ग्रंथी करते. तिचा तपकिरी रस पुढे वाहत जाऊन जठराच्या पहिल्या कप्प्यात पोचतो, म्हणून दळणे आणि पचविणे ही दोन्ही कामे एकाच जागी चालतात. आपल्या जठरातील पेप्सिनासारख्या तीव्र आम्लात काम करणाऱ्या एंझाइमावर खेकड्याची भिस्त नसते. त्याची प्रथिने मुख्यत्वे ट्रिप्सिनाच्या जातीची एंझाइमे सौम्य आम्ल अथवा जवळजवळ उदासीन रसात फोडतात. स्निग्ध पदार्थ विरघळविण्यासाठी त्याला पित्तही नाही. त्याऐवजी मेदाम्ले व टॉरिन यांच्यापासून झालेली संयुगे ते काम करतात.

हे सर्व प्रौढाविषयी झाले. आता घाटाखाली उतरू.

खंडाळ्याच्या कड्यावरून पश्चिमेकडे उतरणारे पाणी पाताळगंगेला मिळून धरमतरच्या खाडीत जाते. त्या खाडीतील चिखलात मोठी चिंबोरी राहते. तिची मादी अंडी घालण्यासाठी समुद्राकडे जाते. एका वेळची अंडी दहा लाखांहूनही अधिक असतात आणि एकेक अंडे रव्याच्या कणाएवढे असते. इतक्या लहान अंड्यात शिदोरी ती किती मावणार? म्हणून अंडे फुटताच पिलाला स्वतःचे पोट भरावे लागते. हे पिलू खेकड्यासारखे मुळीच दिसत नाही. मोठे डोळे, पाठीवर काटा, लांब शेपटी, असा तो पाण्यात तरंगणारा डिंभ असतो. त्याला झोइया म्हणतात. चिंबोरीत झोइयाच्या पाच अवस्था होतात, नंतर मेगालोपा ही एक मधली अवस्था येते आणि त्यानंतर पहिला खेकडा दिसतो.

झोइयाच्या पोटात चक्की नसते. तिचे जठर म्हणजे केसांनी वेढलेली एक साधी पिशवी. प्लवकातील सूक्ष्म जीव पकडावयाचे, तोंडाजवळच्या जंभांनी चिरडावयाचे आणि लगोलग पाचक रसाच्या हवाली करावयाचे, असा तिचा व्यवहार असतो. अन्न मऊ व बारीक असल्याने दळण्याची गरज थोडी, परंतु साठा जवळ नसल्याने खाणे मात्र अखंड हवे. ठराविक काळ उपास घडला तर डिंभाची यकृत-स्वादुपिंडातील पेशीरचना इतकी ढासळते, की नंतर मुबलक अन्न मिळूनही तो वाचत नाही. खेकड्यांची बीजनिर्मिती करणाऱ्यांची सर्वांत मोठी हानी याच दिवसांत होते. जठर-चक्कीची पहिली खूण मेगालोपा अवस्थेत दिसू लागते आणि तळाशी बसलेल्या पहिल्या खेकड्यात ती कामाला लागते. म्हणजे चिंबोरीच्या बाबतीत दात आधी व खडतर अन्न नंतर, असा क्रम निसर्गाने पाळलेला आहे.

मावळातील खेकडा या सर्व प्रकरणातून जातो, परंतु अंड्याच्या आत. आपल्याकडे सर्वपरिचित असलेली मोठी जात बॅरिटेलफुसा क्युनिक्युलॅरिस ही होय. दख्खनच्या पठारावर व घाटमाथ्यावर फिरून नोंदी करणारे कर्नल सायक्स यांच्या निरीक्षणांसह वेस्टवुड यांनी १८३६ साली तिचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. ‘क्युनिक्युलॅरिस’ या लॅटिन नावाचा रोख बिळे करण्याच्या सवयीकडे आहे, आणि खाचराचा बांध फुटलेला ज्याने पाहिला आहे अशा शेतकऱ्याला ते नाव समजावून सांगावे लागणार नाही. या जातीच्या शरीरक्रियांचा पद्धतशीर अभ्यास पुढे औरंगाबाद येथील मराठवाडा विद्यापीठात नागभूषणम् व त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. दिवाण व नागभूषणम् यांचा तिच्या प्रजननचक्रावरील निबंध १९७४ सालचा आहे.

या खेकड्याची मादी लाखांनी अंडी घालीत नाही. तिचा हिशेब शेकड्यांत असतो. परंतु प्रत्येक अंडे मोठ्या मोहरीच्या किंवा बाजरीच्या दाण्याएवढे असते आणि ते पीतकाने गच्च भरलेले असते. चिंबोरीच्या व तिच्या अंड्याचे व्यास शेजारी मांडले तर फरक दहा पटींच्या आतबाहेर दिसतो. परंतु व्यासाच्या दहा पटी म्हणजे घनफळाच्या हजार पटी, हे विसरता कामा नये. या शिदोरीवर गर्भ झोइयासदृश व मेगालोपासदृश अवस्था अंड्याच्या कवचातच उरकतो. तरंगण्याचे काटे व केस त्याला लागत नाहीत, म्हणून ते येतच नाहीत किंवा नावापुरते येऊन जिरतात.

पचनाच्या दृष्टीने येथे एक विलक्षण गोष्ट घडते. गर्भाचे पहिले अन्न बाहेरून येत नाही. ते आधीपासूनच आत असते. मध्यांत्राच्या पेशी पीतकाला वेढून घेतात, पीतकातील प्रथिने व मेद हळूहळू फोडतात, आणि पीतक जसजसे ओसरते तसतशा त्याच जागेतून यकृत-स्वादुपिंडाच्या शाखा फुटून वाढतात. भांडार रिकामे होत असताना त्याच भिंतींत स्वयंपाकघर बांधले जावे, तसा हा प्रकार आहे. या काळात तोंड व गुद यांच्याकडील दोन्ही अस्तरयुक्त भाग स्वतंत्रपणे आत वाढत येतात. गर्भाला चक्कीचा उपयोग नसतो, तरीही अंडे फुटण्याच्या सुमारास ती घडू लागलेली असते. पुढे लागणारे हत्यार आधी घडविण्याची ही तरतूद आहे, आणि तिचा खर्च आईने पीतकाच्या रूपाने आधीच भरलेला असतो.

अंड्यातून बाहेर आलेले पिलू लगेच खात नाही. त्याच्या कवचातून उरलेल्या पीतकाचा पिवळा डाग दिसू शकतो. ते आईच्या झडपेखालील केसाळ उपांगांना घट्ट धरून राहते. हा काळ काही दिवसांपासून दोन-तीन आठवड्यांपर्यंतचा असतो. पीतक सरत आले, चक्कीचे दात कठीण झाले, की पिले थोडी भटकून परत झडपेखाली येतात. मग एके दिवशी परतत नाहीत. हा पहिला घास कोणता असतो? कुजक्या पानांवरील बुरशी व शेवाळाचा थर, पाण्यातील कीटकांच्या बारीक अळ्या, मेलेल्या प्राण्यांचे कण, आणि संधी मिळाल्यास अशक्त भावंड. आफ्रिकेतील पोटॅमोनॉटिस या नदीतील खेकड्यांवरील अभ्यासात असे दिसले आहे, की लहान खेकड्यांचा ओढा जलचर कीटकांकडे अधिक असतो, तर मोठ्यांच्या जठरात वनस्पतींचा भाग बराच वाढतो. त्याचे कारण समजण्याजोगे आहे. वाढत्या शरीराला प्रथिने हवीत. शिवाय लहान जठरात तंतुमय पाला पुरेसा वेळ दळत ठेवण्याची सोय नसते. प्रौढाला मात्र पानांच्या कचऱ्यावर गुजराण करता येते, कारण त्याची चक्की मोठी व दात धारदार असतात, आणि काही भूचर खेकड्यांत तर तंतुद्रव्य फोडणारे एंझाइम ते स्वतःच तयार करतात असे सिद्ध झालेले आहे. भाताची कोवळी रोपे तोडणारा खेकडा म्हणूनच बहुधा मोठा असतो.

वाढीचा आणखी एक अडथळा येथे नमूद केला पाहिजे. खेकडा कात टाकूनच वाढतो, आणि जठराचे अस्तर कवचाचाच भाग असल्याने कात टाकताना चक्कीचे दातही त्याबरोबर जातात. कात टाकण्यापूर्वी खेकडा खाणे सोडतो. टाकल्यानंतर नवे दात कठीण होईपर्यंत त्याला जाड अन्न दळता येत नाही. पिले थोड्या थोड्या अंतराने कात टाकतात, म्हणून त्यांचे आयुष्य खाणे व उपास यांच्या छोट्या आवर्तनांत जाते. प्रौढात ही आवर्तने विरळ होतात. गोड्या पाण्यात चुना कमी असल्यामुळे टाकलेली कात खाऊन टाकण्याची सवयही खेकड्यांत आढळते. घरचा चुना घरात राहतो.

आता तिसऱ्या तऱ्हेकडे वळू. अलास्का व कामचटका यांच्या समुद्रांत जो प्रचंड ‘राजखेकडा’ सापडतो, तो शास्त्रीय दृष्ट्या खऱ्या खेकड्यांच्या गटातील नव्हे, साधू-खेकड्यांच्या गोतातला आहे. त्याची मादी अंडी जवळजवळ वर्षभर पोटाशी वागविते. त्याचा झोइया डिंभ चार अवस्थांत खातो. परंतु पुढची ग्लॉकोथो ही अवस्था मुळीच खात नाही. तिचे जठर त्या वेळी कामाचे नसते, जणू जुने जाते काढले आहे आणि नवे अजून बसविलेले नाही. दक्षिण अमेरिकेच्या टोकाजवळील थंड पाण्यातील त्याचे नातेवाईक आणखी पुढे गेलेले आहेत. त्यांचे डिंभ पोहतात, कात टाकतात, परंतु पहिला खेकडा होईपर्यंत अन्नाला स्पर्शही करीत नाहीत. सर्व प्रवास आईच्या पीतकावर होतो. ध्रुवांकडील समुद्रात प्लवकाची सुगी अल्पकाळ टिकते आणि थंडीमुळे डिंभाची वाढ इतकी मंद असते, की ती सुगी नेमकी गाठणे अनिश्चित ठरते. म्हणून शिदोरी बरोबर दिलेली बरी. आपल्याकडील ओढ्यात थंडीचा प्रश्न नाही. लोणावळा समुद्रसपाटीपासून सव्वासहाशे मीटरांच्या आसपास आहे आणि पौषातही तेथील पाणी ध्रुवीय म्हणता येत नाही. येथे प्रश्न प्रवाहाचा आहे. वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडणाऱ्या या प्रदेशात तरंगणारा डिंभ इंद्रायणीतून भीमेत आणि भीमेतून कृष्णेत वाहून जाईल, आणि परत वर चढण्याचे साधन त्याच्यापाशी नसेल. एका ठिकाणी शीतता आणि दुसऱ्या ठिकाणी पूर, अशी कारणे वेगळी असूनही उपाय एकच निघावा, ही गोष्ट मला या विषयातील सर्वांत विचार करण्याजोगी वाटते.

तापमानाचा पचनावर होणारा परिणाम वेगळ्याने सांगण्यासारखा आहे. जठराची हालचाल चालविणाऱ्या चेतापेशी मोजक्या, तीसच्या आसपास, असल्यामुळे खेकड्याचे जठर हे चेताशास्त्रज्ञांचे आवडते साधन झाले आहे. अमेरिकेतील ब्रँडाइस विद्यापीठात ईव्ह मार्डर यांच्या प्रयोगशाळेने अटलांटिकमधील थंड पाण्याच्या एका खेकड्यावर २०१० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दिसले, की ७ ते २३ अंश सेल्सियसच्या दरम्यान गाळणीच्या कप्प्याची लय तापमानाबरोबर कित्येक पट जलद होते, परंतु कोणता स्नायू आधी व कोणता नंतर हा क्रम ढळत नाही. एंझाइमांचा वेगही उष्णतेने वाढतो. म्हणून मावळातील पावसाळी पाण्यात पीतक काही आठवड्यांत जिरते, आणि बर्फाळ समुद्रात त्याच कामाला वर्ष लागते.

उन्हाळ्यात ओढे आटतात, तेव्हा आपला खेकडा बिळाच्या तळाशी ओलाव्यात पडून राहतो. त्या महिन्यांत त्याचा निर्वाह यकृत-स्वादुपिंडात साठविलेल्या मेदावर व ग्लायकोजेनावर चालतो. मादीला याच साठ्यातून अंड्यांचे पीतकही घडवावयाचे असते. पावसाळ्यात तिने किती खाल्ले यावर पुढच्या पावसाळ्यातील पिलांची शिदोरी अवलंबून राहते, असा हा वर्षभराचा हिशेब आहे.

येथे शेतकरी व खेकडा यांच्या भांडणाचा प्रश्न येतो, आणि त्यात मी एका बाजूला उभा राहू इच्छीत नाही. बांध पोखरला की खाचरातील पाणी जाते, आणि आंबेमोहोर वा इंद्रायणी भाताचे नुकसान होते, हे खरे आहे. २०१९ साली रत्नागिरी जिल्ह्यातील तिवरे धरण फुटून मनुष्यहानी झाली, तेव्हा त्याचे खापर खेकड्यांवर फोडणारे विधान झाले व त्यावर पुष्कळ टीका झाली. मातीच्या मोठ्या धरणाचा हिशेब बिळावर संपत नाही, हे वेगळे सांगावयास नको. खाचरात खेकड्यांसाठी शिजलेल्या भातात विष कालवून ते बिळाशी ठेवण्याची पद्धत आहे. प्रौढ खेकडा पिष्ट सहज पचवितो, म्हणून तो या आमिषाला भुलतो. झडपेखालची पिले मात्र अजून खातच नसल्यामुळे ती या विषाने थेट मरत नाहीत. ती मरतात आई मेल्यामुळे. बिळात टाकण्यात येणाऱ्या फोरेट या अतिविषारी औषधावर २०२० च्या अखेरीपासून देशात बंदी आहे. तुडतुड्यांसाठी वापरली जाणारी, कायटिनाची घडण रोखणारी औषधे वेगळ्या प्रकारे विचारात घ्यावी लागतात. कायटिन हे कीटकाच्या त्वचेत आहे तसेच खेकड्याच्या कवचात आणि त्याच्या जठराच्या अस्तरातही आहे. वारंवार कात टाकणाऱ्या पिलाला त्यांचा धोका प्रौढापेक्षा अधिक असणार. तांबे, कॅडमियम यांसारखे धातूही यकृत-स्वादुपिंडातच साचतात, म्हणून रासायनिक सांडपाण्याजवळच्या खेकड्याचा तो पिवळा भाग चवीने खाण्याची वस्तू राहत नाही.

पकडण्याच्या हंगामाविषयी एवढेच नोंदवितो, की चिंबोरीच्या एका मादीची पिले समुद्रभर पसरतात, आणि एका खाडीतील तूट दुसऱ्या खाडीतील डिंभांनी भरून निघू शकते. ओढ्यातील खेकड्याचे तसे नाही. सह्याद्रीत तर एकेका सड्यापुरत्या मर्यादित असलेल्या घाटियाना या प्रजातीच्या जाती २०१४ पासून वर्णिल्या जात आहेत. आषाढाच्या आरंभी झडपेखाली पिले असलेली मादी जुडीत बांधली गेली, तर तिच्याबरोबर त्या ओढ्यातील त्या वर्षीची पूर्ण वीण जाते. मावळातील काही जाणती माणसे खेकडे पकडताना झडप उलटून पाहतात आणि पिलांची मादी परत पाण्यात सोडतात. सोडलेली मादी दगडाखाली शिरते, झडप मिटून घेते, आणि आतील पिलांचे उरलेले पीतक सरेपर्यंत तेथेच राहते.